दोन पोती चुना

रेघा मी मारल्या. तेवढं काम कमिटीनं मला दिलं,
कारण सरळ रेषेत मागं कसं यायचं
हे ट्रक चालवणाऱ्याला शिकवावं लागत नाही.
काल रात्री दोन पोती चुना, एक सुतळी,
सुतळीच्या टोकाला मळिकांचा पोरगा बॅटरी धरून,
मध्येच मोबाइल बघणारा.
म्हणून डाव्या कोपऱ्यापाशी रेघ जराशी हललीय.
लक्ष दिलं तर दिसेल. देऊ नका.

हा आमचा थांबा होता.
अठ्ठावीस ट्रक ओळीनं उभे असत,
खाण चालू होती तेव्हा रात्रीचे,
खाण बंद पडल्यावर दिवसाही.
आधी चाकांतली हवा गेली, मग चाकं गेली,
केबिनमध्ये कोंबड्यांनी अंडी घातली.
बँकेची माणसं यायची, मोजायची, चहा पिऊन जायची.
पोरं दोन ट्रकांमधल्या जागेला गोल म्हणत.
चेंडू चुकून माझ्या दाराला लागला
की ठण्ण वाजायचं.
घरात बसून मला स्कोअर कळायचा.

पुढं वास्कोहून भंगारवाला आला.
माझा ट्रक वजनावर गेला.
पावती अजून ठेवलीय. का, ते विचारू नका.

मग पाच वर्षं वर्गणी.
चवथीत नाटक बसवलं, तिकिटं लावली.
सोडतीचं पहिलं बक्षीस बोकड, तो आदल्या रात्री पळाला.
रोझारियोनं जहाजावरून पैसे धाडले, तीनदा.
भाटकारानं अखेर सही केली,
नातवाला संघात घ्यायचं या बोलीवर.
नातू बरा खेळतो. हे सांगायला हवं.

आज पाहुणे दीड तास उशिरा.
पातळभाजीला दुसऱ्यांदा उकळी.
फादर आंतोननी पाणी शिंपडलं, भटजींनी नारळ फोडला,
आणि दोघं एकाच छत्रीखाली जाऊन उभे राहिले.
मग वहाणा काढून रामा गावस मधल्या वर्तुळात आले,
गाऱ्हाणं घातलं:
बा म्हाराजा, ह्या पोरांचे गुडघे सांभाळ,
रेफरीच्या डोळ्याला उजेड दे,
शेजारच्या गावालाही यश दे, पण आमच्यानंतर.
व्हय म्हाराजा! सगळं मैदान म्हणालं,
शेजारच्या गावचेसुद्धा, सवयीनं.

पाहुण्यांनी चामडी बुटानं लाथ मारली.
चेंडू तिरका, थेट बँडवाल्याच्या ढोलावर.
टाळ्या.

पहिला सामना मुलींचा.
उत्तरार्धात आपल्याला पेनल्टी.
तो ठिपका नेमका तिथं येतो
जिथं माझं इंजिन सहा वर्षं गळत होतं.
हातभर माती उपसली आम्ही, नवी घातली,
तरी तिथलं पातं पिवळंच.
ठिपका हलवता येत नाही. टेप लावून तीनदा पाहिलं.

लॅनिशानं चेंडू ठेवला. उचलला.
बोटं नाकाशी नेली.
मी गोलमागंच उभा, पावलं चुन्यानं पांढरी.
"अंकल, वास कसला?"
"ऑइल," म्हटलं. "मार तू."

तिनं मारला.
गोलमागची जाळी चार हात कमी उंच आहे,
आमचे पैसे तेवढ्या उंचीवरच संपले होते.
चेंडू बारवरून, जाळीवरून,
गावसांच्या काजूंत.

नवीन चेंडू आहे ना, कुणीतरी ओरडलं.
होता. त्याची पिशवी कपाटात, कपाटाची चावी रोझारियोच्या आईकडे,
आई भाजीच्या रांगेत.
तोवर दोन्ही संघ कुंपणाबाहेर,
फादर झगा वर धरून, भटजी काठीनं पाला सारत,
पाहुणेही, बूट हातात घेऊन.
"मिळाला?"
"नाही रे."
"त्या वारुळापलीकडे बघ."

मैदानावर मी एकटा.
पाठमोरा चालत गेलो कोपऱ्यापर्यंत,
जिथं रेघ हललीय तिथं थांबलो.
खिशात मूठभर चुना होता.
राहू दिली.