बारावी सवारी

भुषाच्या काठावर लाँच उभी आहे
आणि आम्ही नऊ.
बारा झाल्याशिवाय सायसिंग पावरा दोरी सोडत नाही.
बकरीला तो माणसांत धरत नाही,
पैसे मात्र धरतो.

मला घाई नाही. असं बसणं मला पाठ आहे,
शहाद्याच्या स्टँडाबाहेर काळी-पिवळीत:
'बैस व माय, आखो दोन जण येतीन मंग निंघसूत',
आणि त्या दोघांसाठी अख्खी दुपार.

चार वर्षांपूर्वी चांगीच्या जेट्टीवर,
सिंगापूर सोडून मलेशियात जायचं होतं.
लाकडी बोट, कडेला बांधलेले टायर, डिझेलचा हाच वास,
आणि तिथलाही नियम: बारा.
अकरा जण बाकावर बसून माझ्याकडे बघत होते
मुहूर्त टळायला आलेल्या लग्नात
नवरीकडे बघावं तसे.
पाठीवर सॅक, डब्यात भाजलेले बिबडे.
एकाची सायकल होती. तिचे डॉलर वेगळे.

पलीकडे टेबलामागच्या पोरीनं विचारलं,
कशासाठी?
बघायला.
सोबत कोण?
कोणी नाही.
मग ती माझं जन्मगाव वाचायला लागली,
धुळे तिच्या तोंडात मावेना,
दोनदा अडखळली, हसली,
आणि शिक्का असा तिरका मारला
की तारीख पानाबाहेर सांडली.

समुद्रात हद्द कुठे लागली, मला कळलं नाही.
मी बघत होते हो, डोळ्यांत तेल घालून.
एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते मी,
हद्दी काढूनच पोट भरलं.
रेघ, टिंब, रेघ, टिंब,
झीरो पॉइंट तीनचं पेन, श्वास रोखून
नर्मदेच्या मधोमध:
इकडे महाराष्ट्र, तिकडे मध्य प्रदेश.
दोन रेघांमध्ये जागा का सोडायची
कधी कुणाला विचारलं नाही.
आता वाटतं, लाँच जायला.

मग एक दिवस कागद आला.
पाणी इथवर येणार, तेवढं निळं करा,
आतली नावं काढा.
ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडतात,
हलक्या हातानं, नाहीतर कागद फाटतो.
माझा एकही फाटला नाही.
साहेब सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन बोलले.

दहावा आला, मिठाची गोणी घेऊन.
मग एक बाई आणि तिचा पोरगा.
पोरगा अर्धा की पूर्ण, यावर बराच वाद.
शेवटी सायसिंगनं त्याला पूर्ण केलं
आणि दोरी सोडली.

पाणी हिरवं, जाड, हलायला कंटाळलेलं.
हद्द कुठे लागते हो?
कसली?
राज्याची.
'मोबाइलचे डंडे गेले, की आलं एमपी.'
आणि तुमचं गाव?
सुकाणू न सोडता
त्यानं हनुवटी खाली केली.

मी वाकून पाहिलं. माझाच चष्मा दिसला.
नाव काय होतं?
त्यानं सांगितलं,
इंजिनाच्या धडधडीत शेवटचं अक्षर राहून गेलं.
पुन्हा विचारायला हवं होतं.
मी बकरीची दोरी धरून बसले,
कुणी धरायला सांगितलं नव्हतं.

पलीकडे धक्का नाही, चिखलात एक फळी.
एक म्हातारी बकरी उतरवून घ्यायला आलेली,
माझ्याकडे बघून पावरीत काहीतरी बोलली.
पूर्ण तिकिटाच्या पोरानं अर्थ सांगितला:
विचारतेय, एकटीच का?

माझा हात आपोआप
पर्सच्या मधल्या कप्प्यात गेला,
पासपोर्ट असायचा तिथे.
हाताला लागला अर्धा बिबडा.
म्हातारीनं तो घेतला, उलटसुलट केला,
वास घेतला,
आणि बकरीला दिला.