म्हशीचा काळा

वाइन शॉपवाला आता मला ओळखतो.
पहिल्यांदा क्वार्टर मागितली तेव्हा
माझ्यामागं कुणी पुरुष उभा आहे का ते त्यानं पाहिलं.
रंग कालवायला हवीय, मी म्हटलं.
तो म्हणाला, सगळे कायतरी सांगतातच.

पण खरंच.
पाण्यानं साखर विरघळते,
वोडका उडून जाते, रंग तेवढा मागं ठेवून.
हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.
तिथं शिकवलं : कागद ताण, वॉश दे, वाट बघ.
त्यातलं वाट बघणं तेवढं उपयोगी पडलं.

अकरा वर्षं पुस्तकांसाठी चित्रं काढली.
शहाणा कावळा, शेपटी हरवलेलं माकड,
झाडाखाली राजा.
राजाचे पाय मी नेहमी गवतात लपवायची,
पावलं जमायची नाहीत म्हणून.
प्रकाशक म्हणायचे, मानधन दिवाळीनंतर.
कुठल्या दिवाळीनंतर, ते कधी बोलले नाहीत.

एकदा रंकाळ्यावर भडंग घेतलं,
संपल्यावर पुडी उलगडली,
तर आत माझाच कावळा,
चोचीशी तेलाचा डाग.
म्हणजे लोक माझ्या चित्रांवरून
आधीपासूनच खात होते.

आता राजारामपुरीत, मागच्या खोलीत,
जुना एसी फक्त केकसाठी.
आई दारातून म्हणते, मेलं, मला पंखा आणि मैद्याला गारवा.

गंगावेशीतला चौगल्यांचा धैर्यशील आला.
"आज्जाची पंच्याहत्तरी हाय. केकवर म्हस पायजे.
आमची हरणी. गेली ती, दोन वर्सं झाली."
फोनमधला फोटो : निम्मी म्हैस, निम्मं कुणाचं तरी बोट.
"काळी काढा, म्हंजे झालं."

काळी.
मगदूम सर म्हणायचे,
काळ्याची डबी उघडलीस तर बोटं मोडीन.
म्हशीत निळा असतो, जांभळा असतो,
पाठीवर आभाळ सांडलेलं असतं,
पोटाखाली शेणाचा तांबूस.
सर गेले. केकचं त्यांना सांगायचं राहून गेलं.
राहून नाही गेलं. मी टाळलं.

रात्री दीडपर्यंत शून्य नंबरचा ब्रश.
कागदावर चुकलं तर ब्लेडनं खरवडता येतं,
इथं खरवडलं की खड्डा.
डावं शिंग घसरलं, वाकडं झालं.
तसंच ठेवलं.
चारही खूर मात्र काढले. गवत नाही.

रिक्षात डबा मांडीवर, प्रत्येक खड्ड्याला पोटात गोळा.
गंगावेशीत कट्ट्यावर धारा चालू होत्या,
माणसं ग्लास धरून उभी, फेसाच्या मिशा.
आज्जाला खुर्चीत बसवलं होतं, फेटा जरा सैल.
केक पाहिला आणि काही बोलला नाही.
मग म्हणाला,
"शिंग कुणी सांगिटलं गं तुला?"
कुणीच नाही, मी म्हटलं.

त्यानं हात पुढं केला,
पाठीवरून फिरवला,
खऱ्या म्हशीवरून फिरवतात तसा, दाबून.
सगळं आभाळ पुसलं गेलं.
मी ओठ चावला.
बोट चाटून तो म्हणाला,
"ग्वाड हाय. ही ग्वाड न्हवती. लाथ घालायची."

आणि सुरी घेऊन पहिल्यांदा
मागचा उजवा पाय कापला.
सगळी गल्ली हसली.

मी माझे केक खात नाही, रंग असतात किती ते मला ठाऊक.
पण त्यानं डोळ्याचा तुकडा
स्वतःच्या हातानं माझ्या तोंडाशी धरला,
नाही म्हणता येईना.

जांभळा किंचित कडू लागतो.
हे सरांनाही माहीत नसणार.