पान एकशे बारा

शरयूची कादंबरी पोस्टानं आली.
वर माझं नाव, खाली नुसतं: तांबट आळी, कसबा.
पोस्टमनला तेवढं पुरतं.

दुकानात सगळ्यांनी आधी स्वतःला शोधलं.
दत्तूकाका म्हणाले, मी कुठल्या पानावर?
काकूंनी विचारलं, कालिकेच्या उत्सवातलं भांडण घातलंय का गं बाईनं?
घातलंय. नावं बदललीत फक्त,
आणि बंबाचा हंडा केलाय.

त्यातली मुलगी नदीवरचा पूल ओलांडते.
आम्हीही ओलांडतो, भंगार आणायला,
पण तिला दोन पानं लागतात.
मग भाड्याच्या खोल्या, ग्रंथालयं, बर्फाचं एक गाव,
"कुणाची गं तू?" असं न विचारणारी माणसं.
तिथं ती स्वतःलाच विचारते,
ठोका पडायच्या आधी मी काय होते?
नुसता पत्रा?

मी रात्री वाचतो. अंगठ्याचा हिरवट डाग
पानांच्या कोपऱ्यांवर उतरत जातो.
उजव्या कानानं मला ऐकू येत नाही आता,
तीस वर्षं मठारकाम. डॉक्टर म्हणाले, गेलाच तो.
आणि हिनं पान एकशे बारावर लिहिलंय
की बर्फ पडताना, खिडक्या बंद असताना,
तिला आमची आळी ऐकू येते.

म्हणजे तिकडं गेलाय होय आवाज.

तिला उत्तर सापडलं की नाही, मला कळलं नाही.
शेवटून तिसरं पान दोनदा वाचलं.
सकाळी परात पुढ्यात ओढली,
पहिला ठोका जरा जोरातच बसला.
काका ओरडले असावेत:
पत्रा फाटेल, अरे.