रजईखाली

खडकी बाजारातलं शेवटचं शटर पडलं
की मी डोक्यावरून रजई घेतो
आणि माइकशी बोलायला बसतो.
रजई आईच्या लग्नातली.
तिच्यात आवाज घुमत नाही, फक्त घाम येतो.
मालगाडी आली की थांबायचं.
बावन्न डबे. मोजून झालेत.

काय बोलतो मी?
राक्षसाच्या गोष्टीत राक्षसाची आई कुठं असते.
सिनेमातला पाद्री नेहमी दारूडा किंवा देवदूतच का,
आमच्या पाळकसाहेबांसारखा
गॅसच्या नंबरासाठी फोन लावत बसलेला का नाही.
आणि ज्या खेळात मेलेला माणूस
बटण दाबलं की उठतो,
त्याला पुनरुत्थान म्हणावं का.
मी म्हणतो, नको.
तिथं हातावर खुणा राहत नाहीत.

पाळकसाहेब उपासनेनंतर दारात हात मिळवतात,
सोडत नाहीत.
"एलियाजर, त्या खेळांत भुतं असतात म्हणे?"
असतात, साहेब.
कंपनीतली पोरं विचारतात,
"तुमच्यात चालतं का हे सगळं?"
डिसेंबरात केकची चौकशी करतात, त्याच आवाजात.
दोन्हीकडं मी एकच हसू नेतो.
डब्यासारखं, सकाळीच भरलेलं.

परवा ताईनं थिओफिलला धाडला.
"तू मामा आहेस, तूच समजाव. खेळणं सोडत नाही."
समजवायला म्हणून शेजारी टेकलो.
खेळ असा: नदी ओलांडायची,
पलीकडं एक दार, दारात लोखंडी पहारेकरी.
त्याला पाडल्याशिवाय आत जाता येत नाही.
थिओफिलनं तलवार खाली ठेवली.
"अरे, मार की."
"थांब ना मामा."
पहारेकऱ्यानं वार केला. मग दुसरा.
पोरगा जागचा हलला नाही.
पडला. पुन्हा नदी.
"असं केलं की दार उघडतं?"
"सगळे म्हणतात, नाही."
"मग?"
"तो एकटाच असतो रे तिथं."

नऊ वेळा नदी ओलांडली आम्ही.
चहावर साय आली.
समजवायचं राहिलं.

आज मथळा तयार आहे: खेळ आणि क्षमा.
तीन मुद्दे, एक वचन, शेवटी थोडं हसवणं.
लाल दिवा लावला, तोंड उघडलं,
आणि घशाशी दादाचं नाव आलं.

दादा दापोडीत राहतो.
मधे मुळा, नदीवर पूल, चालत वीस मिनिटं.
बाबांच्या कबरीवर कुठलं वचन कोरायचं
यावरून भांडलो,
त्याला पाच नाताळ झाले.
दगड कोराच आहे.
मी तोवर लोकांना सांगत आलो
कुठल्या गोष्टीत क्षमा खरी वाटते,
कुठल्या गोष्टीत लेखकानं घाई केलीय.

सात मिनिटं चौदा सेकंद.
पडद्यावर सपाट रेघ,
मधेच एक लांबट टेकाड, ती मालगाडी.
पुसलं नाही अजून.

फोन उजळतो. थिओफिल.
अजून जागाच आहे, ताईला सांगायला हवं.
"मामा, दहाव्यांदा. दार बंदच.
पण या वेळी त्यानं एकच वार केला,
मग नुसता बघत राहिला."

रजई बाजूला सारतो.
दादाकडं या वेळी दिवा असतो का,
खिडकीतून काही दिसत नाही.
दिसणारही नाही. मधे कारखान्याची भिंत आहे.