गुरुवारी, अडीच ते साडेचार

त्र्यंबक रस्त्यावर, डोंगराच्या सावलीत
नाण्यांचं संग्रहालय आहे.
तिथे गुरुवारी आम्हाला बोलावतात,
म्हणजे घरात कुणाला तरी भरवणाऱ्यांना,
कूस बदलून देणाऱ्यांना.
मी टाळत होतो.
चौतीस वर्षं नोटप्रेसमध्ये काढली,
पैसा बघून झाला होता.
पगारेताई म्हणाल्या, जा काका, मी बसते वहिनींपाशी,
तोंड बघा जरा आरशात.

मुक्ता बोरस्ते नावाची मुलगी सांगते,
डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.
मला हसू आलं.
चार वर्षं श्वासाकडेच तर लक्ष आहे, बाई,
रात्री दोनला, पहाटे पावणेपाचला.
फक्त तो माझा नसतो.

शेजारी रुबीना शेख, तिच्या अब्बांना लकवा.
ती डोळे मिटून बसली ती झोपलीच.
कुणी उठवलं नाही.

मग प्रत्येकापुढे एक नाणं.
दहा मिनिटं नुसतं बघायचं.
माझी नजर सवयीची:
शाई पसरलीय का, धागा सरकलाय का,
सदोष ते बाजूला.
माझ्या वाट्याचं तर सगळंच सदोष.
तांब्याचं, कडेला चेपलेलं,
कुणा राजाचा चेहरा होता म्हणे;
नाक गेलेलं, ओठ सपाट.
किती हातांनी झिजवलं असेल,
मीठ घेताना, नावेत बसताना,
कनवटीला चाचपून बघताना.

रंजनाचा चेहरा असाच होत चाललाय.
कंपवातात हसू आतच राहतं, डॉक्टर म्हणाले,
वर उमटत नाही.

मुक्तानं पातळ कागद दिला,
पेन्सिल आडवी धरायला सांगितली.
घासत गेलो. आधी नुसता करडा ढग.
मग कपाळ. मग, कुठून कोण जाणे,
डोळ्याची खाच.
मला दिसत नव्हतं ते कागदाला लागत होतं.

सातपूरला बस अर्धा तास अडकली.
पगारेताई चपला घालून दारात उभ्या.
चादर ओली होती, बदलली.
गोळीला उशीर झाला, राग आला,
कुणाचा ते कळलं नाही.
मऊ भात भरवला.
हनुवटीवर सांडलेला पुसला,
अंगठा आडवा धरून, सावकाश.

कुठे गेला होता,
तिनं एकेक शब्द ओढत विचारलं.
नाणी मोजायला.
किती भरली?
एक.
तेही अजून पुरतं मोजून झालेलं नाही.