चित्र नसलेलं अक्षर

माझ्या शाळेच्या पुस्तकात
कमळ होतं, खटारा, गणपती, घर,
आणि शेवटच्या चौकटीत ङ एकटाच.
बाई म्हणायच्या, त्याच्यावरून काही सुरू होत नाही,
पुढे चला.

पखोक्कूला, इरावतीच्या काठी,
ऊ ञो ल्विन यांच्या घरात बिस्किटांचे अठ्ठावीस डबे.
डब्यांत चिठ्ठ्या. चिठ्ठीवर एक शब्द आणि खाली त्याची भावंडं,
कोण कुठल्या डोंगरात राहायला गेलं,
कुणाचं वाटेत काय गळालं.

मासा: ब्रह्मी ङा.
तिबेटात ञा, थंडीनं जीभ टाळ्याला चिकटली असावी.
चिनी यू, नाक हरवून बसलेला.
पाच: पुन्हा ङा, हुबेहूब.
तिबेटी लिहिताना आधी ल काढतात
आणि ल्हासात वाचताना तो गप्प.
कोपऱ्यावरचा कँटनी शिंपी तर पाच मोजताना नुसता हुंकारतो,
दातांत सुई धरल्यासारखा.
मी: तोही ङा, आवाज जरा खाली दाबलेला.
पण असा मी जिवलगाशी किंवा भांडणात,
चारचौघांत नाही.

सगळ्यांच्या वर, जिथून हे निघाले असतील तिथे,
ऊ ञो ल्विन तांबड्या शाईनं तारा काढतात,
मग शब्द.
तारा म्हणजे, हे कुणीही ऐकलेलं नाही.
पायरी किती झिजली
त्यावरून पाऊल सांगायचं, इतकंच.

काल चिठ्ठी खिशात घालून ते बाजारात आले.
दॉ श्वे ओं बसली होती, कोपरापर्यंत खवले.
ङा ङा कौं, ते म्हणाले, पाच मासे,
आणि उगीचच पुन्हा एकदा म्हणाले.
तिनं मोजले. पाचवा बोटाएवढा.
त्यांनी तो टोपलीत परत टाकला
तशी ती उसळली,
"ङा! ङा फसवते तुला?"

मासा, पाच, मी.
एका तोंडून, चिखलात उभ्या उभ्या.
म्हातारा असा हसला
की तिला वाटलं, हिणवतोय.
त्यांनी पुढे केलेली चिठ्ठी
तिनं ओल्या हातानं ढकलून दिली.
"कागद नको. पैसे."

घरी दिव्याखाली पाहिलं:
ताऱ्यावर नेमका एक खवला चिकटलेला,
आणि खाली शाई पसरलेली.
मी नखानं काढायला गेले,
ते म्हणाले, असू दे.
डब्याचं झाकण लावलं, दोनदा दाबलं.
मग म्हणाले, तवा ठेव.
चारच आहेत,
पाचवा तिनं दिलाच नाही.