मस्सावाच्या उतारासाठी

चाकं आधी आली, टायर नंतर.
लुवामचा मावसभाऊ स्टुटगार्टहून येताना
उशीच्या अभ्र्यांतून घेऊन आला ती,
विमानतळावर म्हणे सांगितलं, चर्चचे ढोल आहेत.
तपासणाऱ्याने टिचकी मारली,
म्हणाला, आवाज बसलाय यांचा.

मीही मारली.
कार्बन असंच वाजतं, सुक्या भोपळ्यासारखं.
तडा नव्हता कुठे.

तिच्याकडे पैसे एका जोडीचे.
मी तीन टांगल्या खिळ्याला.

पहिली एकवीसची, फुंकर घातली तर उडेल अशी.
लुवामचे डोळे तिथेच चिकटले,
सोल्युशनशिवाय.

दुसरी थायलंडची, पंचवीस, जाड अंगाची,
हिशेबनीस माणसासारखी:
चुकत नाही, हसतही नाही.

तिसरी कापसाची.
सहा वर्षं माझ्या तळघरात
तेफच्या पोत्यांमागे, अंधारात मुरलेली.
आत ट्यूब घालून पोट शिवून टाकलेलं,
टाका इतका बारीक
की शिवणारीने नंतर चष्मा लावला असणार.

बघ, म्हटलं,
अस्मारातून निघालीस की
सव्वादोन हजार मीटर खाली समुद्र.
नेफासितच्या वळणांवर ब्रेक धरशील,
धरावाच लागतो, धुक्यात बकऱ्या असतात.
ॲल्युमिनियम तापलं की चारचौघांत बोलून मोकळं होतं.
कार्बन मनात ठेवतं.
आणि त्या उष्णतेने
सोल्युशन पातळ होतं,
आणि सोल्युशन पातळ झालं की
टायर फक्त सवयीने चाकावर असतो.

किफलोमचा मीच चिकटवला होता.
एका रात्रीत.
त्याला घाई होती, मला पैसे हवे होते.
दोंगोलोच्या अलीकडे टायरने कडा सोडली.
तो बकऱ्यांच्याच ट्रकमधून परत आला,
अकरा टाके घेऊन, माझ्यासारखे ओबडधोबड.
अजून येतो रोज चहाला,
पँट वर करून गिऱ्हाइकांना मांडी दाखवतो,
आणि चहाचे पैसे मला देऊ देत नाही.
तेच लागतं.

लुवाम गप्प.
मग तिसऱ्या टायरला नाक लावलं.
हा.
का?
याला तुमच्या तळघराचा वास येतोय.
वासावरून टायर घेतात का, पोरी?
मग तुम्ही मघापासून काय हुंगत होता?

पहिल्या रात्री चाकाला एक हात, टायरच्या पट्टीला एक.
दुसऱ्या रात्री पुन्हा दोन्हींना, बोटाने, ब्रशने नाही;
ब्रश खोटं बोलतो.
तिसऱ्या दिवशी बसवायचा,
तर व्हॉल्व्ह आखूड.
कडा इतकी खोल की तोंडच बाहेर येईना,
विहिरीत पडलेल्या मांजरासारखं आत कुठेतरी.
दोघं बघत बसलो.
एवढा वास घेतला, आणि मोजलं कुणी नाही.

मेदेबेरला गेलो, ओकबाझगीकडे.
शेजारी एक जण ट्रकचं टायर कापून चपला काढत होता.
ओकबाझगीने पितळेची नळी लेथवर धरली,
आटे पाडले, थुंकी लावून फिरवून पाहिली,
म्हणाला, हे कशाचं, बासरीचं?
लुवाम म्हणाली, ढोलाचं.

रात्री हवा भरली. आठ बार.
सकाळी मी दोन्ही अंगठ्यांनी कडा उलथवून पाहिली,
मग गुडघा लावून.
हलली नाही.
आता तू बघ, म्हटलं.
ती म्हणाली, मी नाही. किफलोमना बोलवा.

तो ग्लास खाली ठेवून आला.
चाक मांडीवर घेतलं, त्याच मांडीवर,
आणि अंगठे रोवून पूर्ण गोल फिरला,
वीत वीत करत,
पितळेपासून पुन्हा पितळेपर्यंत.
बोलला काहीच नाही.

त्या दिवशी चहाचे पैसे
त्याने मला देऊ दिले.